नाचणाऱ्याचा गिलास

बोरखेडीत कुणाच्या घरी हळद निघाली की छबूबाई धसकायची. लग्न दुसऱ्याचं, मांडव दुसऱ्याचा, पण सुपारीच्या आधी बोलावणं तिच्या दारात यायचं. ते तिला नसायचं. तिच्या नवऱ्याला, व्यंकटीला असायचं.

त्या दिवशीही ती अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती. सासू चतुराबाई ओसरीवर वाती वळत होती. व्यंकटी बैलांना पाणी दाखवून नुकताच टेकला होता. तेवढ्यात वरच्या आळीतला नवरदेवाचा चुलता हजर झाला.

"व्यंकटी, सांच्याला यायलास नव्हं? तू नाचल्याबिगर वरात हालत न्हाई बाबा आमची."

"येतो की," व्यंकटी म्हणाला. त्याचे डोळे आत्तापासूनच चमकायला लागले होते.

"त्येंची तब्येत बरी न्हाई," छबूबाई सुपावरची नजर न काढता म्हणाली. "सकाळधरनं पोटात आग पडायलीय. दोन घास बी खाल्ले न्हाईत."

चुलता हसला. "अवो वैनी, तिथं आल्यावर सगळी आग इझती."

चतुराबाईही हसली. लेकाला गावातून मागणी आहे याचा कुठल्या आईला अभिमान नसतो? छबूबाईनं सूप जरा जोरात आपटलं, एवढंच.

व्यंकटी नाचायचाही तसाच. हलगी घुमली की हा सहा फुटी गडी वाऱ्यावर उठल्यासारखा दिसायचा. झरीच्या बाजारातली माणसंसुद्धा त्याला नावानं ओळखत. आणि गावची रीत अशी, की वरात मांडवापुढं थांबली की यजमानानं शिंदीनं भरलेला पितळी गिलास घेऊन बाहेर यायचं, नाचणाऱ्याच्या मानेत हात घालायचा आणि गिलास त्याच्या तोंडाला लावायचा. नाचणाऱ्यानं हात लावायचा नाही. एका दमात संपवायचा. याला म्हणायचं नाचणाऱ्याचा गिलास. तो नको म्हटलं तर मांडवाचा अपमान, नवरीला अपशकुन आणि दोन घरांचं वैर. माणूस मरायला टेकला असला तरी त्यानं तोंड उघडलंच पाहिजे, असली ही रीत! आणि हिला मान म्हणायचं!

पूर्वी ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडांची, ताडीसारखी शिंदी यायची. पहाटे गोड, दुपारी आंबट, सांजेला फेकून द्यायच्या लायकीची. पिणारा पीत होता, झिंगत होता, पण तिची नशा तिच्याइतकीच असायची. पुढं माणिकरावांनी सरकारी परवान्याचं दुकान टाकलं. त्या दुकानातली शिंदी सकाळी जशी असायची तशीच संध्याकाळी. आंबत नव्हती, फसफसत नव्हती, दुधासारखी पांढरी आणि साखरेसारखी गोड. छबूबाईला हे कधीच खटकलं होतं. उन्हात ठेवलेलं ताकसुद्धा बिघडतं, मग ही का बिघडत नाही? पण बाईमाणसाच्या प्रश्नाला उत्तर कोण देतो?

आधी वरातीपुरता होता तो गिलास, पुढं बाजारच्या दिवशीही लागू लागला आणि मग रोज, तोंड धुवायच्या आधी. धान्याचं पोतं एकट्यानं उचलणारा माणूस पाण्याचा तांब्या दोन हातांनी धरू लागला. भाकरी समोर ठेवली की तोंड फिरवायचा. बोलताना जीभ जड व्हायची. एकदा शेतात वखराची पाळी घालता घालता सरीतच झोपला आणि बैल शेजाऱ्याच्या कापसात शिरले. सकाळी उठला की अंगाला कंप सुटायचा, आणि दुकानात जाऊन आला की तो कंप थांबायचा. गाव म्हणायचं, बघा, शिंदी औषधी असती.

औषधी! औषध होतंच त्यात, पण कशाचं ते छबूबाईला तिच्या माहेरामुळं, पिंगळीमुळं कळलं.

तिच्या चुलत भावाची, चंद्रभानची, तिथं हीच गत झाली होती. तो पीत होता, मग बायकोनं शपथ घातली म्हणून त्यानं एका दिवसात शिंदी तोडली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर साप दिसायला लागले, तिसऱ्या दिवशी झटके आले. पिंगळीच्या लोकांनी त्याला उचलून परभणीच्या दवाखान्यात टाकला म्हणून वाचला. छबूबाई त्याला बघायला गेली तेव्हा डॉक्टर खाटेपाशी उभे राहून सगळ्या नातेवाइकांवर ओरडत होते.

"शिंदी कुठली? पाणी, साखर आणि झोपेच्या औषधाची पावडर आहे ती! क्लोरल म्हणतात तिला. मेंदू सुन्न करते, पोट जाळते, जास्त झाली किंवा वरून दारू पडली तर झोपेतच श्वास बंद पडतो. आणि रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर मेंदू खवळतो. अंग थरथरतं, नाही नाही ते दिसतं, मग झटके. त्या वेळी माणूस घरात ठेवायचा नाही. ताबडतोब इथं आणायचा. इथं हळूहळू सोडवता येते. कळलं का?"

बाकीच्यांना कळलं की नाही देव जाणे. छबूबाईनं शब्दन्‌शब्द पदराला गाठ मारून घरी आणला. व्यंकटीला सांगितला, सासूला सांगितला, थोरल्या दिराला, वैजीनाथला सांगितला.

"पिंगळीची शिंदी तसली आसंल," वैजीनाथ म्हणाला. "आपले माणिकराव माळकरी हायेत. ते सोता थेंबाला शिवत न्हाईत."

"मनूनच मनती मी, कामून शिवत न्हाईत?"

यावर वैजीनाथनं तिला स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं.

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. त्या आगीत कुणाची घरं जळली आणि कुणी जाळली हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती लाज याहून फार मोठी आहे आणि ती या गोष्टीच्या पोटात मावणार नाही. इथं सांगायचं ते एवढंच, की रस्त्यांवर झाडं आडवी पडली, एसटी बंद झाली, बाजार बंद झाले. आणि बोरखेडीतली शिंदी संपली.

व्यंकटी रिकाम्या हातानं परत आला तेव्हा छबूबाई स्वतः दुकानात गेली. गल्ल्यावर माणिकराव बसले होते, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ.

"शिंदी कामून बंद हाय?"

"अवो बाई, बंद हाय ना सगळं. गाडी आली न्हाई परभणीहून."

"ओढ्याची झाडं ओढ्यालाच हायेत. ती कुठं मोर्च्याला गेली न्हाईत. मग गाडीतनं काय यायचं व्हतं?"

माणिकरावांनी माळ चाचपली. दुकानातली चार माणसं खाली बघू लागली. त्यांचेही हात कापत होते. "घरी जावा बाई," ते म्हणाले, "बायकांनी दुकानात यायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी व्यंकटीला झोप लागली नाही. अंगाला घामाच्या धारा. तिसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीपाशी बसून हातानं काहीतरी झाडू लागला.

"मुंग्या काढा! छबे, मुंग्या काढ की अंगावरच्या!"

अंगावर एकही मुंगी नव्हती. मग तो दाराकडं बघून बोलू लागला. "बा आलाय. बा, आत ये की. उभा कामून हायेस?" त्याच्या बापाला, किशनरावांना, जाऊन कितीक वर्षं झाली होती.

चंद्रभानलाही असंच दिसलं होतं, हे छबूबाईला ठाऊक होतं. दवाखान्यातली खाट, चंद्रभानचे डोळे, डॉक्टरांचं ओरडणं, सगळं एकदम आठवलं. ती गोठ्यात धावली, बैल सोडले, गाडीला जुंपायला घेतले. मोठा रस्ता बंद असेना, पाणंदीनं बैलगाडी जाऊ शकत होती. दुपारपर्यंत परभणी गाठता आली असती.

तेवढ्यात व्यंकटीचं अंग ताठ झालं आणि सबंध देह गदगदा हलू लागला. चतुराबाईनं ते पाहिलं. ती किंचाळली नाही. तिनं दोन्ही हात जोडले.

"आला! म्हसोबा आला माज्या लेकाच्या अंगात!"

तुम्हाला हसू येईल. पण त्या म्हातारीचं ऐका. तिच्या सासऱ्याच्या अंगात म्हसोबा यायचा. तो होता तोवर गाव या उंबऱ्याशी वाकायचं, पहिला नारळ या घरचा असायचा. तो गेला, किशनरावांच्या अंगात काही देव आला नाही आणि तो मान खालच्या आळीला गेला. तेव्हापासून ही बाई दर अमावस्येला वाट बघत होती. आज तिला वाटलं, देव घरी परत आला. तिनं डोळे भरून लेकाचे झटके पाहिले.

वैजीनाथ धावत आला. त्यानं भावाला अंगणात आणून बसवला, ऊद लावला, भावाच्या कपाळाला शेंदूर फासला. हलगी आली. ज्या हलगीवर व्यंकटी नाचायचा तीच. बघता बघता अंगण भरलं.

"आत्याबाई, देव न्हाई ओ ह्यो! पावडर बंद झाली मनून झटके यायलेत! चंद्रभानला बी आस्संच झालं व्हतं!" छबूबाई गर्दीतून वाट काढत ओरडली. "भाऊजी, हात लावा, गाडीत घालू. पाया पडते तुमच्या."

"येडी झालीस का?" वैजीनाथनं जाऊन बैल सोडले. जू खाली आपटलं. "देव अंगात आसताना घराभाईर न्हेतेत का? समद्या गावाचा इस्कोट करायचाय का तुला?"

तिनं पुन्हा जू उचललं. तेव्हा चार बायकांनी तिला धरून आत कोंडलं. बाहेरून कडी लावली. खिडकीतून तिला सगळं दिसत होतं, आणि ते दिसू नये असं तिला वाटत होतं.

झटका ओसरला तसे लोक देवाला कौल पुसायला लागले. एकानं विचारलं, देवा, बंद कधी उठंल? दुसऱ्यानं विचारलं, माझी गाय कुणी नेली? व्यंकटी म्हणाला, "पाणी." लोकांनी त्याच्या डोक्यावर हळदीचं पाणी शिंपडलं, घोटभर प्यायला काही कुणी दिलं नाही. तो म्हणाला, "मुंग्या... मुंग्या..." आणि एक शहाणा उठून म्हणाला, मुंग्या निघाल्या म्हणजे पाऊस लागणार! टाळ्या वाजल्या! माणूस जीव तोडून पाणी मागतोय आणि गाव त्याला पावसाचा अंदाज विचारतंय!

"अरे, पाणी द्या रे त्येला!" छबूबाई दारावर डोकं आपटत होती. "पाणी मागायलाय तो! कुणाला तरी कान हायेत का न्हाई?"

हलगीपुढं तिचं काय ऐकू जाणार. पुढचा झटका मोठा आला. जीभ दातात सापडली, ओठांच्या कोपऱ्यातून रक्त आलं. आणि कुणीतरी म्हणालं, देव रगत मागायलाय. कोंबडा आणायला माणूस पळाला. कोंबडा आला तेव्हा व्यंकटीचं अंग थांबलं होतं. वैजीनाथ म्हणाला, देव निवला. चतुराबाईनं लेकाच्या पायावर डोकं ठेवलं आणि मग तिला ते पाय गार लागले.

कडी काढली गेली ती त्यानंतर.

आता कुणाच्याही मनात येईल, की गाव शरमलं असेल. तसं झालं नाही. गावाला शरमेपेक्षा सोपी गोष्ट सापडली. व्यंकटी मेला नाही, म्हसोबानं त्याला आपल्यात घेतला, असं ठरलं. बंद उठला, परभणीहून गाडी आली, दुकान पुन्हा भरलं. आणि सगळ्यात आधी माणिकराव छबूबाईच्या अंगणात आले. व्यंकटी जिथं पडला तिथं दगडी ओटा बांधून देतो म्हणाले. सिमेंट त्यांचं, गवंडी त्यांचा. वर्षश्राद्धाला पूजा, आणि दरसाल त्याच दिवशी शिंदीचा नैवेद्य. वैजीनाथला पुजारपण मिळालं. रोज सकाळी ओट्यावर एक गिलास ठेवायचा आणि प्रसाद म्हणून तो स्वतः घ्यायचा.

छबूबाई वर्षभर बोलली नाही. पाणी भरलं, भाकरी केल्या, खुरपायला गेली, पण बोलली नाही. बायका म्हणाल्या, दुःखानं मुकी झाली. दुःख होतंच. पण तोंड बंद होतं ते संतापानं, आणि तो संताप तिनं कुणावर वायफळ घालवला नाही. ती बघत होती. वैजीनाथ आता तांब्या दोन हातांनी धरायला लागला होता.

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, ओट्याला शेंदूर, हलगीवाले, झरीहून आलेली माणसं. शिंदीचे माठ ओळीनं मांडलेले. ओट्याशेजारी खुर्चीवर माणिकराव, पांढरंशुभ्र धोतर. चतुराबाई खांबाला टेकून बसली होती. वर्षात ती निम्मी झाली होती.

"चला," माणिकराव म्हणाले, "पहिला गिलास लक्ष्मीच्या हातानं. या छबूबाई, वता देवाला."

विधवेला एरवी शुभकार्यात पुढं येऊ न देणारं गाव, आज तिला लक्ष्मी म्हणत होतं! छबूबाई उठली. माठातून पितळी गिलास काठोकाठ भरला. हलगी सुरू झाली. ती ओट्यापर्यंत गेली आणि तिथून वळून सरळ माणिकरावांच्या खुर्चीपुढं उभी राहिली.

"ह्या मांडवाचे यजमान आमी," ती म्हणाली. वर्षानं ऐकलेल्या त्या आवाजानं हलगी आपसूक थांबली. "ओटा तुमी बांदला. दुकान तुमचं. तवा पहिला मान तुमचा. घ्या."

"बाई, मी माळकरी माणूस..."

"माज्या नवऱ्यासाठी मी बी नगं मनत व्हते. त्येंच्या पोटात आग पडायलीय मनत व्हते. तरी मानेत हात घालून तुमी समद्यांनी पाजली. रीत हाय मनलात. नगं मनलं की मांडवाचा अपमान व्हतो मनलात. आज माज्या मांडवाचा अपमान करू नगा. तोंड उघडा."

तिनं उजव्या हातातला गिलास त्यांच्या ओठांपर्यंत नेला. डाव्या हातानं मान धरली नाही, एवढीच काय ती सवलत. माणिकराव खुर्चीत मागं सरकले. कपाळावरचा बुक्का घामानं ओघळला.

"देवाचा प्रसाद हाय," ती म्हणाली. "परसादाला कोण भेतं?"

"पित्त हाय मला," माणिकराव पुटपुटले. "सोसत न्हाई."

रोज सकाळी त्या दुकानाच्या पायरीवर थरथरत उभी राहणारी माणसं माणिकरावांच्या तोंडाकडं बघत होती. आणि मग खांबापासून आवाज आला, म्हातारा, फाटका.

"प्या की माणिकराव."

चतुराबाई उठून उभी राहिली होती. "माज्या लेकानं एका दमात पिली. तुमी घोटभर तर प्या."

माणिकरावांनी हातानं गिलास बाजूला सारला. शिंदी धोतरावर सांडली. ते ताडकन उठले, देवाचा कोप होईल असं काहीतरी म्हणाले आणि जोडा पायात नीट न घालताच मांडवाबाहेर पडले. त्यांच्यामागं कुणी गेलं नाही. त्यांना कुणी अडवलंही नाही. गावाला एवढं धैर्य अजून आलं नव्हतं, हे कशाला लपवा?

छबूबाईनं पदर खोचला आणि एकेक माठ आडवा केला. पांढरा ओघळ ओट्याच्या पायथ्याशी साचला. चतुराबाई काठी टेकत तिच्याजवळ आली. तिनं सुनेचं मनगट धरलं.

"छबू, खरं सांग. त्या दिशी गाडीत घातला आसता, तर वाचला आसता का गं माजा व्यंकटी?"

एक क्षण छबूबाईला वाटलं, काय सांगता येत नाही म्हणावं. म्हातारीचे दिवस किती उरलेत? पण वर्षभर सगळं गाव या घराशी गोड खोटं बोलत होतं, आणि त्या गोड खोट्यावर दिराचा हात कापायला लागला होता.

"व्हय आत्याबाई," ती म्हणाली. "वाचला आसता."

म्हातारी रडली नाही. ती तशीच वळून वैजीनाथपाशी गेली. तो ओट्याच्या कडेला बसला होता, सकाळपासूनचा गिलास चुकल्यानं त्याच्या कपाळाला घाम फुटला होता. चतुराबाईनं त्याचे कापणारे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन पाहिले.

"छबू," ती म्हणाली, "बैल जुंप."

छबूबाईनं जू उचललं. एका बाजूनं ते चतुराबाईनं धरलं. गेल्या वर्षी जिनं कडी लावली होती ती शेजारीण कुणी न सांगता गाडीत गोधडी टाकायला धावली. वैजीनाथ "मला काय झालंय" म्हणत होता, पण चढला. ज्यानं वर्षापूर्वी बैल सोडले त्याला घेऊन तीच गाडी परभणीच्या दवाखान्याकडं निघाली.

ओटा अजून तिथंच आहे. छबूबाईनं त्याचा शेंदूर घासून काढला आणि उन्हाळ्यात ती त्यावर कुरडया वाळत घालते. परक्या गावचं कुणी येतं, चपला काढतं, हात जोडून विचारतं, कुठला देव हो हा?

"देव न्हाई," ती सांगते. "हितं माजा नवरा पाणी मागत मेला. समदं गाव बघत व्हतं."